रुसलेल्या बुवांना गुणाजीने समजून घेतलं

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही या. एका रुसव्याची गोष्ट सांगतो. खोटी निघाली तर माझे टाळ काढून घ्या.

भोईवाड्यातल्या देवळात सप्ताहाचा शेवटचा दिवस. दहाला काल्याचं कीर्तन, आणि साडेनऊला कीर्तनकार कुशाबाबुवाच रुसले. मानाचा पहिला हार कुणीतरी घाईत माइकवाल्याच्या गळ्यात घातला होता. बुवा पिशवी उचलून मागच्या खोलीत गेले. बाहेर चारशे माणसं. कीर्तनाशिवाय हंडी फुटायची नाही, सप्ताह उठायचा नाही.

"पाच मिनिटांत आणतो," आपल्या मंडळातला गुणाजी म्हणाला. त्याची पुतणी दर्शना दादरला समुपदेशन शिकते. तिने रविवारीच त्याला मानवतावादी मानसशास्त्र समजावलं होतं. "काका, सल्ला द्यायचा नाही, आग्रह करायचा नाही. मनापासून ऐकायचं, त्याची भावना त्यालाच ऐकवायची, आणि माणूस आहे तसा स्वीकारायचा. उत्तर त्याच्याच आत असतं."

आता, रुसलेल्या बुवांचे पाय धरायचे, त्यांनी दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं, ही आपली रीत. बुवांनी पाय सोयीचे पडतील असे पुढे करून ठेवले होते.

"बुवा, तुम्हाला फार लागलंय," गुणाजी समोर बसून म्हणाला.

"लागणारच. मी आता उभा राहणार नाही."

"उभं राहावंसं वाटत नाही."

"नाहीच." बुवांनी पाय आणखी जरा पुढे सरकवले. गुणाजी नुसती मान डोलावत राहिला. "मी घरी जाईन. वरळीला."

"वरळीला जावंसं वाटतंय."

"अरे, तू मला अडवणार नाहीस?"

"मी अडवावं असं तुम्हाला वाटतंय."

"मला? मला काय गरज पडलीय?"

"गरज नाही. तुमचा निर्णय मला मान्य आहे, बुवा."

आता बुवांना उठणं भागच पडलं. एक चप्पल घालायला त्यांनी दोन मिनिटं घेतली. गुणाजीने आदराने पिशवी उचलली आणि नाक्यावर टॅक्सीही थांबवली. समोरून नैवेद्याचं ताट उचलून नेणाऱ्याकडे पाहावं, तसं बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात गुणाजीची बायको मालन काल्याचं दही घेऊन आली. "बुवांनू, खंय चल्लात?"

"घरी. माझा अपमान झालाय."

मालनने दह्याचं भांडं टॅक्सीच्या बॉनेटवर ठेवलं आणि भर रस्त्यात त्यांचे पाय धरले.

"नको गं, मालन."

तिने पुन्हा धरले.

"नकोच."

तिसऱ्यांदा ती वाकते न वाकते तोच, "आता तुझ्यासाठी म्हणून," म्हणत बुवा मंडपात पोचलेसुद्धा.

कीर्तन दोन तास रंगलं. तेव्हा मंडळी, काल्याचा घास हातावर पडेल तेव्हा देवापाठोपाठ मालनवहिनीची आठवण काढा. आणि गुणाजीचीही काढाच. त्या कीर्तनाला तो नव्हता. मीटर पाडून बसलेल्या टॅक्सीवाल्याला तो नाक्यावर समजून घेत होता.