बंद अकाउंटवाले माधवमामा

आमच्या गावात कोणाचं अकाउंट अडकलं की तो माणूस फोन घेऊन माधवमामांकडे जातो आणि माधवमामा तो फोन ज्वारीच्या कणगीत पुरतात. मी अतिशयोक्ती करत नाही. वरून हातभर ज्वारी लोटतात, झाकण लावतात, झाकणावर पाटा ठेवतात आणि पावती लिहून देतात. पावतीवर नाव, गुन्हा आणि मुदत. मुदत संपली की पावती दाखवायची, फोन न्यायचा.

पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतात, तसा अडकलेला फोन ज्वारीत ठेवला की बरा होतो, अशी निम्म्या गावाची समजूत आहे. घरात ज्वारी संपली आहे, तूर चालेल का, असं एकानं विचारलंही होतं. मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की ज्वारी फोनसाठी नाही, तुझ्या बोटासाठी आहे. फोन हाताशी राहिला तर तू दाबत बसशील, आणि जितकं दाबशील तितकी बंदी वाढेल.

तेलंगणातल्या तलमडुगुकडच्या आमच्या सरहद्दीच्या गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात. एकतीस वर्षं ते बोथ गावच्या तहसील कचेरीच्या रेकॉर्डात होते. निवृत्त होऊन गावी आले, एकटेच राहतात. कचेरी सुटली, कचेरीची भाषा सुटली नाही. त्यांच्या लेखी अडकलेलं अकाउंट ही 'मिसल', म्हणजे प्रकरणाची फाईल, अपील ही 'दरखास्त' आणि स्क्रीनवर येतो तो 'हुकूम'. कोणीही रडत आला, ओरडत आला, तरी मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं:

"हुकूम वाच पहिले."

कोणी वाचलेला नसतो. हे मी शपथेवर सांगते. लोक तांबडी खूण बघतात आणि धावत सुटतात. मामा मात्र उभं करून मोठ्यानं वाचायला लावतात. फोन तेलुगूत असेल तर तेलुगूत, इंग्रजीत असेल तर अक्षर लावत इंग्रजीत. मग एकेक विचारतात. सगळं अकाउंट बंद आहे, की फक्त एक काम बंद आहे? लिहिणं बंद, की पाठवणं बंद, की नवीन माणसं जोडणं बंद? कधीपर्यंत? खाली दरखास्त करायची जागा दिली आहे, की नाही? आणि शेवटी सगळ्यात अवघड सवाल, "काल दिवसभर काय काय केलं, खरं सांग." याचं उत्तर देताना मी भलेभले घाम पुसताना पाहिले आहेत.

किराणावाले प्रकाशशेट आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांचं म्हणणं, मी काही केलं नाही आणि मशीन माझ्यावर उलटलं. खोदून विचारल्यावर निघालं की एका ॲपनं हजार फॉलोअर फुकट देतो म्हटलं आणि शेटनी त्याला पासवर्ड देऊन टाकला. त्या ॲपनं शेटच्या नावानं सकाळपासून परदेशातल्या बायकांच्या लग्नाचे फोटो पसंत केले होते. चारशेच्या वर. शेटाणीबाई शेजारीच बसल्या होत्या.

मामांनी आवाज चढवला नाही. "घराची चावी चौकात ठेवून आलात शेट, अन् चोर म्हनून मशीनचं नाव सांगता," एवढंच म्हणाले. मग पासवर्ड बदलला, ते ॲप जोडलेलं होतं तिथून तोडलं, कुठकुठल्या अनोळखी फोनवर अकाउंट उघडं आहे ते बघून एकेक बंद केलं आणि फोन कणगीत. आदिलाबादचा कोणी पैसे घेऊन दोन तासांत अकाउंट उघडून देतो आणि त्यासाठी ओटीपी मागतो, असं शेट जाता जाता म्हणाले, तेव्हा मात्र मामांनी हात जोडले.

सगळ्यात मोठी मिसल दसऱ्याची. आमच्याकडे सोनं घरोघर जाऊन, एकेकाच्या हातात देतात. आधी थोरांना, मग बरोबरीच्यांना. चौकात उभं राहून सगळ्यांना मिळून 'घ्या सोनं' म्हणणं म्हणजे सोनं फेकणं. भाजीवाल्या शेवंताबाईंनी फोनवरही तोच रिवाज पाळला. आपट्याच्या पानाचा एक फोटो आणि 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा', असं तीनशे जणांना एकेक करून, वयाच्या क्रमानं. दुपारपर्यंत अकाउंट बंद. आता पोलीस येतील म्हणून बाई टोपली टाकून मामांकडे आल्या.

आणि त्या एकट्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत अंगणात सतरा माणसं. गावातले जितके रीतीचे पक्के, तितके सगळे अडकले होते. ज्यांनी आळस करून ग्रुपात एकदाच टाकलं, ते सुटले.

"बाई, तुमचा गुन्हा नाई," मामा शेवंताबाईंना म्हणाले. "मशीनले वाटलं, इतक्या लोकायचं भलं चाहनारा मानूस असूच शकत नाई. म्हनून तिनं तुमाले मशीन समजलं."

त्या दिवशी सतरा दरखास्ती मामांनी लिहिल्या. प्रत्येकीत आपट्याच्या सोन्याचा रिवाज तीन ओळींत समजावून सांगितला. अकरा मंजूर झाल्या. कुठल्या देशात कोणी बसलेलं असेल, त्याला आमच्या गावचा दसरा कळला. माणूस की मशीन, देव जाणे.

आता माझं. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते, आणि उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपत नसे. यंदा आमच्या शाळेतले मराठीचे वर्ग पट कमी म्हणून राहतात की जातात, असं झालं होतं. शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. वर्ग हवेत असं तिसाच्या तीस घरांतल्या पालकांनी सही करून दिलं तर राहतील, एक घर सुटलं तर सांगता येत नाही, असं हेडमास्तर म्हणाले. मी शाळेच्या नावाचं पेज चालवत होते. सोमवारी मी एकच आवाहन पाव तासात बासष्ट ग्रुपांत टाकलं. त्रेसष्टाव्याला हुकूम आला. तीन दिवस बंदी.

माझा संताप काय विचारता. मुस्कटदाबी, मराठीचा गळा घोटणं, सगळे शब्द तोंडाशी आले. मी तासभर दाबत राहिले, दुसऱ्या फोनवरून शिरून पाहिलं, मैत्रिणीच्या नावानं शिरून पाहिलं. तीन दिवसांचे सात झाले. मग मामांकडे गेले आणि अंगणातूनच भाषण सुरू केलं. मामा ज्वारी निवडत होते. माझं संपू दिलं. मग तेच वाक्य.

मी वाचलं. 'तुम्ही हे काम फार वेगानं करत आहात.' मराठीविषयी एक अक्षर नव्हतं.

"तुले वाटते तुह्याशी दुश्मनी हाय," मामा म्हणाले. "तिले तुहं नावबी ठाऊक नाई, पोरी."

खरं सांगते, दुश्मनी असती तर मला बरं वाटलं असतं.

माझी दरखास्त मी पानभर लिहिली होती, सुरुवातच 'जाहीर निषेध' अशी. मामांनी पेन्सिलीनं ओळी खोडत नेल्या. उरलं ते असं: मी शाळेचं काम करते. घाईत एकच मजकूर अनेक ठिकाणी टाकला. पुढे जपून टाकेन. मला ते शरणागतीसारखं वाटलं. मी तसं म्हणालेही. मामा म्हणाले की खरं लिहिलं तर शरण कशाला जावं लागते. मशीनवर न चिडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. कंपन्यांचे नियम त्यांनी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घेतले होते, स्वच्छ अक्षरात, समासासकट. काऊन एवढं, असं विचारलं तर म्हणाले, मशीनले कंटाळा येत नाई, मग आपन काऊन आनावा.

बुधवारी उत्तर आलं. नामंजूर. सोमवारपर्यंत बंदी कायम, आणि साहेब शुक्रवारी.

मामांनी माझा फोन ज्वारीत पुरला आणि पायात चपला घातल्या. "मुदत भोगायची. तवर चालायचं. तीस घरं हायत, पाय दोन."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मी पहिल्या घरात भाषण केलं. दुसऱ्या घरापासून मामांनी मला फक्त कागद धरायला सांगितलं. प्रत्येक दारात त्यांच्या ओळखीची एखादी मिसल निघे. शेवंताबाईंनी सही तर केलीच, शेजारच्या दोन घरांतूनही सह्या आणून दिल्या. प्रकाशशेटनी सही केली आणि शेटाणीबाईंनी खाली वेगळी केली. बासष्ट ग्रुपांत टाकून मला एक सही मिळाली नव्हती. दुपारपर्यंत सत्तावीस झाल्या.

अठ्ठाविसावं घर किसनआबांचं. त्यांच्या दोन नाती शाळेत आहेत. फाटकाशी मामा थांबले.

"तू जा. मी इथीसाच उभा राह्यतो."

मी विचारलं काऊन, तर म्हणाले, "इथं माह्यावर बंदी हाय."

किसनआबा त्यांचे सख्खे थोरले भाऊ. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला तेव्हा मामांकडून कळली. नऊ वर्षांपूर्वी आबांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला. जुनी पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखी जमिनीची नोंद, काढून दे, असं त्यांनी कचेरीतल्या भावाला सांगितलं. भावानं काढली. ती आबांच्या विरुद्ध होती. चार ओळी कापूस होईल एवढी पट्टी गेली, आणि आबांनी सांगितलं की माझ्या दारात पाय ठेवू नको.

"हुकूम साफ हाय," मामा म्हणाले. "मुदत नाई टाकली, एवढंच."

मग तुम्ही पुन्हा किती वेळा आलात, असं मी विचारलं. एकदाही नाही. पुन्हा पुन्हा दाबलं की बंदी वाढते, तुला सांगितलं ना, असं ते मलाच समजावू लागले. मी ज्यांच्यावर कोणाचा आवाज चढत नाही अशा माणसावर त्या दिवशी चढवणार होते. पण त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं होतं आणि ते बोटाभोवती गुंडाळत होते. मी कागद घेऊन आत गेले.

आबांनी चष्मा लावून कागद सबंध वाचला. घराण्यातच असावं. सही केली. मग पेन माझ्या हातात न देता त्यांनी विचारलं, "फाटकाशी कोन हाय?"

मी नाव सांगितलं. आबा बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते.

"मी रागात बोललो होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तो येईल म्हनून हिनं जास्तीच्या दोन भाकरी टाकल्या. तो आलाच नाई. आठ दिवस वाट पाह्यली. मग मले वाटलं, याले गरजच नाई आपली."

आतून आजींच्या बांगड्यांचा आवाज थांबला. आबा घाईनं म्हणाले की त्याला काही सांगू नको.

मी न सांगणाऱ्यांतली नाही. फाटकाशी आले आणि जसंच्या तसं सांगितलं, माझा एकही शब्द न घालता. मामांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "दोन टाकल्या म्हने?"

"दोन."

"आठ दिवस?"

"आठ."

नऊ वर्षं त्यांनी किती काळजीनं तो हुकूम पाळला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला तिकडे बघवेना. त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर नीट टाकलं आणि फाटक ढकलून आत गेले.

शुक्रवारचं सांगूनच टाकते. साहेबांनी तीस सह्या मोजल्या, वर्ग यंदा चालू आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा लढावं लागेल. पण गुरुवारी माझी अजून दोन घरं बाकी होती. ती मी एकटीनं केली. भाषण केलं नाही.

परत येताना आबांच्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता, रस्त्यापर्यंत. आबा ओरडून सांगत होते की बांध त्यांचाच होता. मामा, ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेही ओरडून सांगत होते की नव्हता, पहाणीत साफ लिहिलं आहे. मध्येच आजी म्हणाल्या, जेवता जेवता भांडा. ताटं ठेवल्याचा आवाज आला. मग बांधावरून पुन्हा सुरू झालं.