लाईट आल्याची तक्रार

लाईट गेली म्हणून वीज कार्यालयात फोन करणारे आपण सगळेच. लाईट वेळेआधी आली म्हणून भांडणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे टिळेकर सर.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, एकटे. कासार आंबोलीत आमच्या शेजारचं बैठं घर त्यांनी घेतलं ते गच्चीवर दुर्बीण ठेवता यावी म्हणून. त्यांचा एक तारा होता. एकच. "वरचं वायूचं कातडं टाकून बसलाय. लहान आहे, पण भयंकर तापट," असं ते घरातल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं सांगत. हा तारा दर अडीच मिनिटांनी जरासा उजळे आणि जरासा मंदावे. त्याला सर ठोका म्हणत. फरक इतका बारीक, की गल्लीत एक बल्ब पेटला तरी मोजमापाची माती. त्यामुळे संध्याकाळचं लोडशेडिंग हा सरांचा सण होता.

"लाईट गेली की सरांच्या तोंडावर उजेड पडतोय बगा," दूध घालणाऱ्या शेवंताबाई म्हणायच्या.

टीव्ही बंद पडले की आम्ही सगळे सरांच्या ओट्यावर जमायचो. सर गच्चीवर दुर्बिणीला जोडलेल्या, प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मोठ्याने वाचून टेपरेकॉर्डरमध्ये भरत. खाली कोणी तोंड उघडलं की वरून आवाज येई, "बोलू नका, ठोका चुकेल." शेवंताबाईंना ते कधीच जमलं नाही. सरांच्या टेपमध्ये ताऱ्यापेक्षा त्यांच्या सुनेच्या कागाळ्याच जास्त भरल्या असतील. मधेच सर खाली येत, चहा टाकत, आज कोण आलं नाही याची चौकशी करत आणि पुन्हा वर जाऊन आम्हाला गप्प करत.

मग घरोघर इन्व्हर्टर आले. मीही घेतला. दिवसभर हिंजवडीत खुर्चीला चिकटून, वर मोटरसायकलवर हाडं खिळखिळी करून घरी आलं, की मला ताऱ्याशी काही देणंघेणं उरत नसे. पंखा हवा असे.

वैशाखातल्या एका संध्याकाळी सर दारात उभे. अख्खी गल्ली फिरून दमले होते. निदान तुम्ही तरी इन्व्हर्टर बंद ठेवा, म्हणाले. मी अजून बूटही काढले नव्हते. वैतागूनच विचारलं, "सर, तारा दिसतो का सध्या?"

सर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "नाही," म्हणाले. "सूर्याच्या आड गेलाय. दिवाळीनंतर येईल."

"मग आमचा पंखा कशाला बंद?"

ते चपला घालू लागले. उंबऱ्याबाहेर गेल्यावर म्हणाले, "लाईट गेली की तुम्ही सगळे बाहेर येत होतात."

मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने लाईट गेली. गल्लीभर लगेच इन्व्हर्टरवरच्या ट्यूब लागल्या, मालिका जिथल्या तिथे चालू राहिल्या. खिडकीतून पाहिलं, तर सरांनी ओट्यावर मोठी सतरंजी अंथरली होती. एका टोकाला बसून ते तिच्या सुरकुत्या सारख्या करत होते. मी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. बायकोला हाक मारली, पलीकडून शेवंताबाईंनाही बोलावलं.

सरांनी सरकून जागा केली. जुन्या सवयीने आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो.

"बोला की," सर म्हणाले.