तात्यांची माशी

आमच्या समोरच्या गच्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ रोज सकाळी माझ्या पाण्याच्या टाकीवर कपड्यांची इस्त्री रोखून उभे राहतात. डावा हात पायजम्याच्या खिशात, उजवा हात सरळ, एक डोळा बारीक. इस्त्रीची वायर खाली लोंबत असते. केडगावात राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि बायकोला म्हणालो, "हे घर इतके दिवस रिकामं का होतं, ते कळलं."

हे तात्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. उसाच्या प्रत्येक गाडीत दगड असणारच, असं धरून ते गाडीकडे बघायचे. नोकरी सुटली तरी नजर तीच राहिली. दूधवाला लवकर आला की, "आज लवकर कसा? कुठंतरी पानी मुरतंय." उशिरा आला तरी मुरतंयच. त्यांच्या घरी चहाला गेलो, तर मी फोटोंकडे बघतोय की कपाटाकडे, हे ते बघत होते.

मीही काही भोळा नाही. इस्त्रीची भानगड काय, ते सरळ विचारलं.

"रिव्हॉल्वर जमा हाय," तात्या म्हणाले. "विलेक्शन लागलंय न्हवं?"

निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आमच्याकडे एक निवडणूक उरकते न उरकते तोच दुसरी उभी राहते, त्यामुळे तात्यांचं हत्यार घरी कमी आणि ठाण्यातच जास्त. हाताची सवय मोडू नये म्हणून इस्त्री. वजन साधारण तेवढंच भरतं म्हणे.

वरातीत पिस्तूल दिसावं म्हणून शर्ट मुद्दाम खोचणारे लोक आमच्या भागात कमी नाहीत. तात्यांना त्यांची चीड. "पिस्तुलाचं काय खरं न्हाई भाऊ. गोळी पुढं आन रिकामी पुंगळी बाजूला फेकतंय, जेवून शेजाऱ्याच्या दारात पत्रावळ टाकल्यावानी. आपलं रिव्हॉल्वर कसं, सगळ्या पुंगळ्या पोटात ठेवतंय."

मग त्यांची गाडी रुळावर यायची. "थोराड असलं की हाताला वढतंय. बारकं असलं की हातात नाचतंय. आपलं हे मदल्या अंगाचं. लांब नळी, अक्रोडाची मूठ. घोडा मागं वढला की चाप असा सुटतोय, तुमाला कळनार बी न्हाई. आन गोळ्यांची चक्री बसली की आवाज, जुन्या कपाटाचं दार लागल्यावानी. हे मारायचं हत्यार न्हाई भाऊ. नेमाचं हाय."

मारायचं नाही, तर एवढा जीव कशाला टाकायचा? मला शंका यायला लागली. त्यात तात्या एक दिवसाआड ठाण्यात फोन लावायचे. एकदा माझ्यासमोरच लावला. पलीकडे कुणी नवा हवालदार होता.

"माझी माशी कशी हाय?"

"कोन मावशी?"

"मावशी न्हाई, माशी! मागची माशी! कुनी हलवली तर न्हाई?"

"काका, मागं लई माशा हायेत. पोरं डबे उघडे ठेवत्यात."

तात्यांनी फोन ठेवला. "बगा. बोलन्यातच खोट हाय."

नळीच्या टोकाला असते ती पुढची माशी. अलीकडे खाच असते ती मागची. दोन्ही जुळवून नेम धरायचा. नेमबाजीच्या रिव्हॉल्वरची मागची माशी स्क्रूनं सरकते, म्हणजे ज्याला त्याला ती आपल्या नजरेप्रमाणे बसवून घेता येते. तात्यांना धास्ती एकच होती: ठाण्यातल्या कुणी सहज चाळा म्हणून तो स्क्रू फिरवला तर?

"फिरवला तर परत बसवा की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उसात दगड मीच घातला होता. दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हा माझी खात्रीच पटली. एका स्क्रूसाठी माणूस एवढा घाबरत नाही. यात काहीतरी लपवण्यासारखं आहे.

निकाल लागले, हत्यारं परत मिळू लागली. मी आपणहून स्कूटर काढली. शेजारधर्म वगैरे काही नाही, काय उघडकीला येतंय ते मला बघायचं होतं. हवालदार म्हणाला, "बघून घ्या काका." तात्या म्हणाले, "बगून न्हाई कळायचं. मारून बगावं लागतंय." ठाण्यातून आम्ही थेट शहराबाहेरच्या रायफल क्लबात गेलो.

तात्या उभे राहिले. हात जराही हलला नाही. चक्री रिकामी झाल्यावर निशाणाचा कागद काढून आणला. मधला काळा गोल कोरा होता. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे, एका पेढ्याखाली झाकतील इतक्या जवळजवळ. मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "तात्या, हलवली वाटतं कुणीतरी."

"न्हाई भाऊ." त्यांनी कागद छातीशी धरला. "जिथल्या तिथं हाय."

त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

"हे रिव्हॉल्वर तुमच्या काकूचं," ते म्हणाले. काकू मी इथं येण्याआधीच गेलेल्या. "तिच्या वडलांनी दिल्यालं. मिलिटरीतले हुते. नेम तिचा. मी निस्ता कागद बदलायचो. शेवटचं दोघं हितं आलो हुतो तवा तिनं स्क्रू थोडा फिरवला आन म्हनली, आता बरुबर. तिच्या नजरंला बरुबर. माझं आपलं खाली डावीकडंच जातंय."

इतके दिवस काय काय शंका घेतल्या होत्या, त्या सगळ्या मला आठवल्या.

"घरातलं तिचं सगळं हाललं. सुनंनं भांडी लावली, लेकीनं कपाट आवरलं. तिच्या हातचं हाय तसं ऱ्हायलेलं एवढंच हाय."

त्यांनी नवा कागद लावायला सांगितला. चक्री भरली आणि सावकाश एकेक गोळी झाडली. प्रत्येक गोळी चुकली की ते वळून माझ्याकडे बघून हसायचे.