आडव्या काठीचा प्रश्न

एका जंगलात, मुलांनो, सहिष्णुतेला अगदी ऊत आला होता. पाणवठ्यावर सहिष्णुतेची पाटी. वडाच्या खोडावर सहिष्णुतेची पाटी. सिंहमहाराजांच्या गुहेवर तर नवी पाटी होती, कारण पहिली महाराजांनी रागाच्या भरात चावून टाकली होती.

तेव्हा आता हाताची घडी घाला आणि तोंडावर बोट ठेवा. गोष्ट सहिष्णुतेची आहे. मध्ये कुणी बोललेलं मला खपणार नाही.

या जंगलात शांतवन मास्तर नावाचा एक बोकड राहत होता. मास्तर म्हटल्यावर दाढी हवीच, ती त्याला आपसूकच होती. त्याची बायको एस्तेरबाई. मास्तर जंगलातल्या पिल्लांना लिहावाचायला शिकवायचा. एस्तेरबाई दुखण्याखुपण्याला पाला वाटून लावायची. दोघंही ख्रिस्ती होती. मास्तराचा बाप ख्रिस्ती होता, आजा होता, आणि त्यांना कुणी कधी 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

जंगलाला त्यांचं भारी कौतुक. नाताळात सगळे प्राणी त्यांच्या दारात केक खायला जमायचे. दारावर कागदी चांदणी लटकलेली असायची. तिच्याखाली लाल टोप्या घालून उभं राहायचं, फोटो काढायचे, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी बशी पुढे करायची. वाढदिवस कुणाचा आहे, हे कुणी विचारत नसे. मास्तरही सांगत नसे. केक घशात अडकेल असं काही बोलू नये, एवढी समज त्याला होती.

असा हा मास्तर एके सकाळी वारला.

जाण्यापूर्वी त्याने बायकोला जवळ बोलावलं. "एस्तेर, मला मातीत ठेव. वर क्रूस लाव. आणि माझं नाव घेऊन प्रार्थना म्हण. मोठ्याने म्हण हो, मला हल्ली कमी ऐकू येतं."

"म्हणेन," एस्तेरबाई म्हणाली.

आता अडचण अशी की, या जंगलात मेलेल्या प्राण्याला तरसाच्या हवाली करायची रीत होती. रीत फार जुनी. तरस तिला संस्कृती म्हणत असे आणि दिवसातून दोनदा तिचं जतन करत असे. मास्तराच्या बापाला आणि आजाला मात्र त्या काळी ओढ्याकाठी पुरलं होतं. त्या जागेवर आता सहिष्णुता उद्यान झालं होतं. छान घसरगुंडी बसवली होती.

म्हणून एस्तेरबाईने मास्तरांना हातगाडीवर ठेवलं, वर चादर घातली, आणि गाडी ओढत ती सिंहमहाराजांच्या सभेत आली. गाडी तिने लिंबाच्या सावलीत लावली. लगेच तरसही येऊन बसला. जरा लांबच बसला. रीत पाळणारा प्राणी होता तो.

"मास्तर म्हणजे आमच्या छाव्यांचे गुरू," सिंहमहाराज म्हणाले. "फार वाईट झालं. काय अडचण आहे, बाई?"

"अडचण नाही, महाराज. थोडी जागा पाहिजे. यांना मातीत ठेवते आणि जाते."

सभेत चुळबुळ झाली. मग सहिष्णुता समितीची अध्यक्षा कोल्हीण उठली आणि तिने एस्तेरबाईला मिठीच मारली.

"अगं एस्तेर, आपल्यात का परकेपणा आहे? मी दर वर्षी तुझ्याकडे केक खाते. माझी पिल्लं मास्तरांच्या हाताखाली शिकली. माझ्या मनात तर काही येतसुद्धा नाही. पण वातावरण बघ ना गं सध्याचं."

एस्तेरबाईने वर पाहिलं. वातावरण स्वच्छ होतं. ऊन मात्र चढत चाललं होतं.

"माझ्या भावना दुखावल्या आहेत," तरस म्हणाला आणि त्याने पोटावरून पंजा फिरवला. "आज एकाला पुराल. उद्या दुसरा म्हणेल, मलाही पुरा. परवा आमची पोरं म्हणतील, आम्हालाही पुरा. बघता बघता पुरलेल्यांची संख्या वाढेल आणि जिवंत प्राणी अल्पसंख्य होतील. हा कट आहे, महाराज!"

हे ऐकून हरणं घाबरली. हरणं घाबरली की मुद्दा सिद्ध झाला असं या जंगलात मानत.

"पण कुत्रा रोज हाडं पुरतो," एस्तेरबाई म्हणाली. "त्याला कुणी अडवत नाही."

"तो श्रद्धेने पुरत नाही," तरस म्हणाला. "उकरून खातो. ते आपल्या संस्कृतीत बसतं."

आणि बोलता बोलता तो सरकून थोडा गाडीजवळ आला.

मग घुबड बोलायला उभं राहिलं. घुबड विचारवंत होतं. दिवसा त्याला काही दिसत नसे, त्यामुळे त्याचे विचार अतिशय स्पष्ट होते.

"मला तरसाची संस्कृती हास्यास्पद वाटते," घुबड म्हणालं, "आणि बाईंची श्रद्धाही. मी दोघांना सारखाच हसतो. यालाच समभाव म्हणतात. पुरण्याला माझा विरोध नाही, मातीला उत्तम खत मिळतं. पण बाई, मी असं ऐकतो की मास्तर परत उठणार आहेत?"

"शेवटच्या दिवशी उठतील," एस्तेरबाई म्हणाली. "ते तसं मानायचे. मीही मानते."

सभेत खसखस पिकली. एवढे शिकलेले मास्तर आणि हे काय भलतंच, असं एक माकड म्हणालं. त्या माकडाला वाचायला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"उठले तर शिरगणतीत कुठे धरायचे?" सिंहमहाराजांना खरोखर काळजी वाटली.

"मानायला हरकत नाही," घुबड समजावणीच्या सुरात म्हणालं. "पण मनात माना. श्रद्धा ही खाजगी बाब आहे. घरातसुद्धा आतल्या खोलीत ठेवायची."

"आमची एकच खोली आहे," एस्तेरबाई म्हणाली.

यावर घुबडाने डोळे मिटून घेतले. ते तसेही मिटलेलेच होते.

ऊन आता लिंबाखाली शिरलं होतं. चादरीवर माश्या बसायला लागल्या. एस्तेरबाई एका हाताने माश्या वारत होती आणि दुसऱ्या हातात तिने काहीतरी धरलं होतं. बाभळीच्या दोन काठ्या, सुतळीने एकमेकींवर बांधलेल्या.

"ते काय आहे?" तरसाने विचारलं.

"क्रूस. वर लावायला."

सभा एकदम मागे सरकली. केकवरची साखरेची घंटा पाहून कुणी असं मागे सरकलं नव्हतं. कोल्हिणीने घाईघाईने समितीला करवंदीच्या जाळीमागे नेलं. तिथून बराच वेळ कुजबुज ऐकू येत राहिली. तेवढ्या वेळात तरस सरकत सरकत गाडीच्या चाकाशी आला. एस्तेरबाई उठली आणि चाकाच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली.

समिती हसतमुखाने परतली.

"मध्यममार्ग निघाला!" कोल्हीण म्हणाली. "उभी काठी चालेल. उभ्या काठीला आपल्या जंगलात परंपरा आहे. आडवी काठी मात्र काढावी लागेल. आडव्या काठीत प्रचार दिसतो."

टाळ्या पडल्या. एका काठीपुरती का होईना, समंजसपणा दाखवला म्हणून समितीचं अभिनंदन झालं.

"जागा देऊ," कोल्हीण पुढे म्हणाली. "कुंपणाबाहेर, घाणेरीच्या झुडपामागे, कुणाला दिसणार नाही अशी. तिथे 'खत प्रकल्प' असं लिहू, म्हणजे तुलाच कुणाचा त्रास नको. नाव घेऊ नकोस, शांतवन हे नाव जरा लक्षात येण्यासारखं आहे. प्रार्थना मनात म्हण. ओठ हलवू नकोस. बाकी सगळं तुझ्या धर्माप्रमाणे अगदी मोकळेपणाने कर हो."

"बाकी म्हणजे काय?" एस्तेरबाईने विचारलं.

यावर समितीने विचार करायला मुदत मागून घेतली.

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की मला तरसाचा राग येतो. नाही येत. तरस भुकेला होता आणि भूक त्याच्या तोंडावर दिसत होती. मला राग येतो त्या कोल्हिणीचा. तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं, आणि त्या पाण्यासकट ती एका विधवेला सांगत होती की ओठ हलवू नकोस.

 एस्तेरबाईने गाडीचा दांडा उचलला आणि गाडी वळवली.

"अगं, चर्चा चालू आहे!" कोल्हीण ओरडली. "चर्चा सोडून जाणं ही असहिष्णुता आहे!"

एस्तेरबाई निघून गेली. तरस थोडं अंतर मागून गेला, पण चढ लागल्यावर धापा टाकत परत आला. सभेने ठराव केला की प्रश्न सामोपचाराने सुटला. मास्तरांची आठवण म्हणून उद्यानातल्या घसरगुंडीला त्यांचं नाव द्यायचंही ठरलं. पण नावावरून वाद नको म्हणून शेवटी नुसतं 'मास्तर घसरगुंडी' एवढंच ठेवलं.

इकडे एस्तेरबाई गाडी ओढत डोंगर उतरून पलीकडच्या रानात आली. हे रान मागासलेलं. इथे सभा नव्हती, समिती नव्हती, विचारवंत तर औषधालाही नव्हता. एक रानडुक्कर तेवढं कंदमुळांसाठी जमीन उकरत होतं.

"कुठं निघालात, बाई? एवढ्या उन्हाचं?" त्याने विचारलं.

"जागा बघते आहे. यांना मातीत ठेवायचं आहे."

"मग ठेवा की. मातीच आहे सगळी." त्याने गाडीकडे पाहिलं. "मी नाहीतरी खणतोच आहे. आणखी जरा खणतो."

एस्तेरबाईला दिवसभराचा अनुभव होता. तिने आधीच सांगून टाकलं, "दादा, आम्ही ख्रिस्ती आहोत."

"असं होय," रानडुक्कर म्हणालं. ते विचारात पडलं. "मग खड्डा कसा लागतो? लांबट की गोल?"

"लांबट," एस्तेरबाई म्हणाली. तिने हाताने लांबी दाखवली.

रानडुकराने लांबट खड्डा खणला. दोघांनी मिळून मास्तरांना आत ठेवलं आणि वर माती लोटली. एस्तेरबाईने क्रूस रोवला, आडव्या काठीसकट. तो कलायला लागला तेव्हा रानडुकराने बुडाशी दगड लावला आणि पायाने माती दाबली.

"आता प्रार्थना म्हणायची आहे," ती म्हणाली. "मोठ्याने."

"म्हणा. मी थांबू का जाऊ?"

"थांबा."

तिने शांतवनचं नाव घेतलं. त्याला ऐकू जावं म्हणून मातीकडे वाकून घेतलं. मग ती सावकाश, एकेक शब्द करत प्रार्थना म्हणाली. रानडुक्कर चिखलाचं तोंड खाली घालून ऐकत होतं.

"मला वाटलं, मला कळायचं नाही," प्रार्थना संपल्यावर ते म्हणालं.

"मराठीच आहे," एस्तेरबाई म्हणाली.

"तुमचे कोण होते हे?"

"नवरा."

सबंध दिवसात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मग रडा की, बाई," रानडुक्कर म्हणालं. "कुणाची परवानगी बघताय?"

एस्तेरबाई मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. ती रडत होती तोवर रानडुक्कर तिथेच बसून राहिलं. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

तात्पर्य: ज्याला सहिष्णुतेवर चार वाक्यं बोलता येत नाहीत, त्याच्यावर शेवटी खड्डा खणायची वेळ येते. म्हणून मुलांनो, मन लावून शिका, मोठे व्हा आणि एखाद्या समितीवर जा. म्हणजे दुसऱ्याचं दुःख तुमच्या दारात आलं तरी तुमचे हात मळणार नाहीत.