उजवा लातूरला आहे

देगलूरकर काकांच्या बैठकीत शिरलं की डाव्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर कमरेएवढा उंच, पॉलिश केलेला एक लाकडी स्पीकर दिसतो. उजव्या कोपऱ्यात तसंच लोखंडी स्टँड आहे, पण ते रिकामं. नवा पाहुणा हटकून विचारतो, "दुसरा कुठाय?" मुलगा परगावी नोकरीला असावा तशा सुरात काका सांगतात, "उजवा लातूरला आहे."

त्या रिकाम्या स्टँडवर एकदा एका पाहुण्याने पाण्याचा पेला टेकवला. काकू आतून धावत आल्या. "तिथं नका ठेवू भावजी, ती बसवराजची जागा हाय."

माझी आणि काकांची ओळख भांडणातून झाली. नांदेडमध्ये मिरवणुकांच्या डीजेविरुद्ध आमची मोहीम चालू होती आणि आमच्याच गल्लीत रोज संध्याकाळी सात वाजता एक भयंकर आवाज निघायचा. जमिनीखालून घुमत सुरू व्हायचा, चढत चढत जायचा आणि शेवटी डासासारखा बारीक होऊन कुठेतरी नाहीसा व्हायचा. गल्लीतली कुत्री शेवटच्या टप्प्याला साथ द्यायची. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, "बैठकीत बसून गल्लीचे कान फोडणाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध", आणि स्कूटीवरून थेट त्यांच्या दारात गेले.

काकांनी पत्रक उभ्याउभ्याच वाचलं, तेही हातात पेन घेऊन. दोन ठिकाणी खुणा केल्या. "आवाज मोठा असणं वेगळं आणि उंच असणं वेगळं. तू दोन्हीचा घोळ केलायस." मग आतून आवाज मोजायचं मीटर आणलं, स्पीकरचा आवाज मोजून दाखवला आणि मला स्कूटी सुरू करायला लावली. काटा स्कूटीला जास्त हलला. "पत्रकवाले, आधी तुझा सायलेन्सर बदल," ते म्हणाले. "चहा घेणार का?"

त्या दिवसापासून त्यांच्या घरी माझं नाव पत्रकवाली पडलं.

बैठकीत बसायला एकच खुर्ची आहे. तिच्या चार पायांच्या जागा फरशीवर ऑइलपेंटने रंगवलेल्या आहेत. काकू झाडताना खुर्चीला वळसा घालतात. सोफा गच्चीवर उन्हात पडलाय, कारण "सोफा आवाज खातो." हे ऐकून माझ्यातली कार्यकर्ती खवळली. घरातल्या बाईने काय जन्मभर जमिनीवर बसायचं? मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गच्चीवरच बरं हाय गं. वारा येतो, अन् हे येत न्हाईत."

काका इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायचे. स्पीकर हा त्यांचा जुना नाद. "बाजारातल्या डब्यात एकच अँप्लिफायर साऱ्यांना हाकतो," ते मला समजावत. "माझ्या पेटीत जाड आवाजाला वेगळा, बारीक आवाजाच्या ट्वीटरला वेगळा. दोघं पेटीतच बसलेले. ज्यानं त्यानं आपलं बघायचं."

"म्हणजे विकेंद्रीकरण!" मी म्हणाले.

"हाव. पण तू भाषण करू नको."

आणि जोडी जुळली की काय होतं, हे सांगताना ते डोळे मिटून घ्यायचे. "समोर भिंत राहतच न्हाई. बाई मधोमध गाते. हार्मोनियम इथं. तबला तिथं. बोट दाखवून सांगता येतं."

ही जोडी मात्र जुळत नव्हती, कारण तिचा दुसरा वाटेकरी म्हणजे बसवराज हलगरे लातूरला होता. दोघं कॉलेजच्या दिवसांत एका खोलीत राहिलेले. बसवराज काकांचं लातूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते नुसता कान लावून सेटमधला कुठला भाग गेलाय ते सांगतात, अशी साऱ्या बाजारात त्यांची ख्याती. साठी उलटल्यावर दोघांनी ठरवलं: नकाशा एक, पेट्या दोन. डावी नांदेडला बनेल, उजवी लातूरला. दोन्ही तंतोतंत सारख्या झाल्या की जोडायच्या. कुठल्या गावात जोडायच्या, हे मात्र ठरवलं नाही. महसूल विभागाचं कार्यालय कुठं असावं यावरून जी दोन शहरं वर्षानुवर्षं भांडतात, त्यांच्यात स्पीकरची जोडी वाटून घेणं हा गाढवपणा आहे. मी हे काकांच्या तोंडावर बोलले. त्यांनी मान डोलावली.

सहा महिन्यांचं काम. सहा वर्षं चाललं.

रोज सातला दोघं आपापल्या गावात तो चढता आवाज सोडत, मायक्रोफोनने मोजत आणि आलेख एकमेकांना मोबाईलवर पाठवत. मग फोन.

"बश्या, तुझ्या रेषेत दोन हजार हर्ट्झवर खड्डा हाय."

"खड्डा तुझ्या डोळ्यात हाय, प्रभ्या! माझी रेषा बघ, नव्या डांबरी रोडसारखी हाय."

"पेटीत काय कोंबलास?"

"रजईतला कापूस."

"जुन्या रजईतला? अरे, त्यात तुझ्या आज्याची झोप हाय अजून! मी भोकरचा ताजा कापूस पिंजून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून भरलाय."

बसवराज काकांनी कापूस बदलला. मग आमच्या काकांना स्क्रू खटकले. स्क्रू बदलल्यावर डिंक खटकला. दर महिन्याला नवं खुसपट आणि वर पालुपद, "अजून जुळंना."

एक दिवस मी दोन्ही आलेख कागदावर छापून आणले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एकच रेषा दिसत होती. "काका, हा शुद्ध वेळकाढूपणा आहे. एका म्हाताऱ्या माणसाला तुम्ही विनाकारण राबवताय."

"कागदाला कान असतात का गं?" ते म्हणाले आणि पेचकस शोधायला उठले.

माझा संताप झाला. पुढच्या आठवड्यात मोहिमेच्या बैठकीसाठी जीप घेऊन मी लातूरला गेले आणि काम संपवून थेट बसवराज काकांचं घर गाठलं. तिथे उजव्या कोपऱ्यात तोच स्पीकर, डाव्या कोपऱ्यात रिकामं स्टँड.

"मी तयार हाय की," ते म्हणाले. "त्योच खुसपटं काढून राहिला."

"मग चला. आत्ता."

त्यांना आधी चष्मा सापडेना. मग चपला. मग औषधाची डबी. मी तिन्ही वस्तू शोधून दिल्या, स्पीकर रजईत गुंडाळून मागच्या सीटवर बांधला आणि त्यांना माझ्या शेजारी बसवलं. अहमदपूरपासून लोह्यापर्यंत मी जीप चालवत ध्वनिप्रदूषणावर बोलत होते. गृहस्थाने एकदाही हं म्हटलं नाही. किती हा ताठा, असं मला वाटलं.

नांदेडला दार उघडल्यावर काकांचा चेहरा उतरला. आनंद व्हायला हवा होता. "आज व्होल्टेज कमी हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "हवेत दमटपणा हाय." मी ऐकते काय! मी आणि काकूंनी पेटी स्टँडवर चढवली, वायरी जोडल्या. बसवराज काकांना खुर्चीत बसवलं. काका त्यांच्या पाठीमागे उभे राहिले. एक जुनं भावगीत लागलं.

मी काकांच्या बाजूलाच उभी होते. खरंच भिंत राहिली नाही. बाई मधोमध गात होती. डावीकडे हार्मोनियम. उजवीकडे, हात लांब केला तर लागेल इतका जवळ, तबला. काकांनी डोळे मिटले होते. दोन कडवी झाली असतील.

मला राहवेना. मी पुढे होऊन मोठ्याने विचारलं, "सांगा काका, तबला कुठून येतोय? बोट दाखवा!"

बसवराज काकांनी मान थोडी उजवीकडे वळवली. मग डावीकडे. हात खुर्चीवरून उचलला आणि तसाच अधांतरी राहिला.

"कुठून येईल?" पाठीमागून काका ओरडले. "मी दोन्हीत एकच आवाज सोडलाय. चाचणी हाय ही, तमाशा न्हाई!" आणि बोलता बोलता त्यांनी मेजावरच्या वायरींच्या डबीचा खटका दाबला. तबला उजवीकडून घसरला आणि बाईच्या मांडीवर येऊन बसला. हार्मोनियमही तिथेच. सगळे एका जागी दाटीवाटीने.

बसवराज काकांनी हात खाली घेतला. "तेच म्हणून राहिलो. मला समदं मधीच वाटून राहिलं होतं."

"बरोबर ऐकलास. कान हाय तुझा."

त्या दोघांना काकूंनी पोहे दिले. मी काकांना ओढत गच्चीवर नेलं आणि सोफ्यावर बसवलं. "खटका तुम्ही नंतर दाबलात. मी पाहिलं."

काका सोफ्याचा उसवलेला धागा ओढू लागले. "बश्याच्या लेकीच्या लग्नात मी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहून हाका मारल्या. तीन हाका. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई. तो कान गेलाय त्याचा. एका कानाला आवाजाची दिशा कळत न्हाई. मला सांगितलं न्हाई त्यानं. कुणालाच न्हाई. बाजार त्याला कानावरून ओळखतो गं. आता कानाला न्हाई, मायक्रोफोनला धरून गडी उभा हाय."

मला जीपमधलं माझं भाषण आठवलं. तिथे मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते.

"जोडी लागली की लोक येणार. कुणीतरी विचारणारच, तबला कुठाय म्हणून." त्यांनी धागा तोडला. "म्हणून जुळू दिली न्हाई."

खालून हाक आली, "प्रभ्या! पोहे निवून राहिले!"

काका उठले, जिन्यात थांबले आणि आवाज चढवून म्हणाले, "बश्या, तुझा ट्वीटर अर्धा डेसिबल जास्त बोलतो. पेटी परत घेऊन जा!"

खालून शिवी आली, भरघोस आणि आनंदी.

मला मात्र राहवलं नाही. "आणि तुम्ही? सहा वर्षं खपलात. तुम्हाला कधी ऐकायला मिळणार?"

"ऐकलं की आज. तू प्रश्न विचारेपर्यंत." एक पायरी उतरून ते पुन्हा वळले. "लई सुरेख बनवलाय गं उजवा. माझ्यापेक्षा चांगला. त्याला सांगू नको."