शेवटच्या बाटलीची चव

रविवारी दुपारी राघवेंद्र सरांनी तळघराच्या कोपऱ्यात टॉर्च मारला. तिथं पोतं होतं, पोत्याखाली वाळू होती, वाळूत बाटलीच्या बुडाचा गोल ठसा होता, आणि बाटली नव्हती.

सरांनी टॉर्च विझवून पुन्हा लावला. केमिस्ट्रीच्या माणसाला प्रयोग पुन्हा करून बघायची सवय असते. निष्कर्ष तोच आला.

"काय झालं?" मागून शेषेरावानं विचारलं. तो पायरीवर बसला होता. मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी, हातात दोन पेले. औशाजवळच्या आपल्या गावाहून तो दरवर्षी या एका दुपारसाठी लातूरला यायचा.

"बाटली न्हाई, शेष्या."

"चेष्टा करू नको राघू. एवढ्या उन्हात मी यष्टीत उभा राहून आलोय."

चेष्टा नव्हती. ती शेवटची बाटली होती.

सरांना प्यायचा नाद नव्हता. लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांच्या हातात लिंबू सरबतच असायचं. पण भूकंपानंतर घरं बांधून द्यायला जे परदेशी लोक आले त्यांत योहान नावाचा एक बेल्जियमचा इंजिनिअर होता, आणि सर सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडून त्याचं इंग्रजी लोकांना आणि लोकांचं रडणं त्याला समजावून सांगायचे. परत जाताना योहाननं त्यांना एक लाकडी खोका दिला. आत सहा मोठ्या बाटल्या, तारेनं बांधलेल्या बुचाच्या. त्याच्या गावची कडक बिअर. "आत्ता पिऊ नका," तो म्हणाला. "अंधारात, गारव्यात ठेवा. दरवर्षी एक उघडा. बिअर तीच, पण दरवर्षी वेगळी लागेल."

गारवा सरांच्या घरात आयता होता. त्याच साली त्यांनी औसा रोडला घर बांधायला काढलं होतं, आणि धरणी हललेली ज्यानं पाहिली तो पायाच्या बाबतीत कंजुषी करत नाही. "मुरूम लागेपर्यंत खण," असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. काळी माती संपता संपेना. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "सर, एवढा खड्डा बुजवत बसण्यापरीस खाली एक खोली काढू." अशी ती खोली निघाली. वर घर, मध्ये सरांचे बारावीचे क्लासेस, आणि सगळ्यात खाली, कुणालाही ठाऊक नसलेला योहानचा खोका.

पुढं लातूरच्या निकालांचा बोलबाला झाला. नांदेड, बीड, परभणीहून पोरं ट्रंका घेऊन येऊ लागली, गल्लीतल्या प्रत्येक घरावर 'मुलांसाठी खोल्या' अशा पाट्या लागल्या, सरांचा एका बॅचचा क्लास चार बॅचचा झाला. पण बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी, सत्कार-पेढे उरकले की, सर आणि त्यांचा हॉस्टेलच्या दिवसांपासूनचा मित्र शेषेराव तळघरात उतरायचे आणि एक बाटली उघडायचे.

पहिल्या साली ती कडूजहर लागली. घशात चटका बसला तो वेगळाच. "ह्ये जनावराला बी पाजू नये," शेषेराव म्हणाला होता. दुसऱ्या साली चटका गेला. तिसऱ्या साली कडूपणा मागं सरला आणि त्याच्याआडून गूळ डोकावला. चौथ्या साली तर मनुका, खजूर, काय काय. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते. पण पाचव्या साली घोटाच्या शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा एक वास आला, आणि तिथून भांडण सुरू झालं. शेषेराव म्हणायचा, आता ती उतरणीला लागली, औंदा उघडली तर मोरीत ओतावी लागंल. सर म्हणायचे, न्हाई, अजून चढायची आहे. वर्षभर फोनवर पाऊसपाणी, भाव, पोरांची लग्नं हे सगळं बोलून झालं की शेवटी हेच. त्याचा निकाल आज लागायचा होता.

"चल वर," सर म्हणाले. "कुणी नेली बघू."

बघायला फार लांब जावं लागलं नाही. पुढच्या खोलीत, कूलरसमोर सरांचे सासरे दत्तोपंत बसले होते. उमरीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, सध्या लेकीकडं, विशाखाकडं मुक्कामाला होते. त्यांच्यापुढं स्टुलावर एक चमचा, कोमट पाण्याचा तांब्या, आणि ती बाटली. लेबल वाळूतल्या कसरीनं कधीच खाल्लं होतं. शेजारच्या नीलाबाई समोर वाटी धरून उभ्या होत्या.

"या राघवेंद्रराव," दत्तोपंत प्रसन्नपणे म्हणाले. "सकाळी लाईट गेली म्हणून जरा गारव्याला तळघरात बसलो, तर हे हाती लागलं. मी दिलेलं द्राक्षासव. तुम्ही अजून फोडलंसुद्धा नव्हतं."

सरांना ते द्राक्षासव चांगलं आठवत होतं. मागं कधीतरी दत्तोपंतांनी उमरीहून स्वतः घातलेलं आसव आणून दिलं होतं, बूच तारेनं बांधून, आणि सांगितलं होतं, "अंधारात ठेवा. जितकं जुनं होईल तितकं गुणाला येईल." दुसऱ्याच महिन्यात त्याचं बूच उडालं होतं. सरांनी ते गुपचूप कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं, तर कढीपत्ता वर्षभर रुसला होता.

"बूच काढलं तर फस्सकन आवाज," दत्तोपंत सांगत होते. "म्हटलं, वा, आसव जिवंत आहे. एक डोस घेतला आणि खोकला थांबला. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता माझ्या."

सर स्टुलाजवळ सरकले.

खरं सांगणं सोपं होतं. पण दत्तोपंत म्हणजे तरुणपणी धर्माबादला शिंदीच्या दुकानासमोर उपोषणाला बसलेला माणूस. हातात पाणी घेऊन दारूला न शिवण्याचं व्रत घेतलेलं. एकदा कुणाच्या बारशाला केक खाल्ला आणि त्यात रम होती असं नंतर कळलं, तर आठ दिवस एक वेळ जेवले होते. आता पंच्याहत्तरीला, या खोकल्यात, त्यांना पुन्हा प्रायश्चित्ताला बसवायचं? सर गप्प राहिले. बाटली अजून निम्म्याहून जास्त भरलेली होती, एवढंच त्यांना दिसत होतं.

दत्तोपंतांनी नीलाबाईंच्या वाटीत सहा चमचे घातले, त्यावर मोजून सहा चमचे कोमट पाणी. "समभाग पाणी," ते म्हणाले. "आसव कधी नुसतं घ्यायचं नाही."

योहानच्या बिअरमध्ये कोमट पाणी पडताना बघून शेषेरावाच्या घशातून एक आवाज निघाला. तो त्यानं खोकल्यात लपवला.

"तुम्हालाही खोकला?" दत्तोपंतांनी लगेच विचारलं.

"हाव," शेषेराव म्हणाला. त्याच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. "लई दिवसांपासनं. रातच्याला तर झोपच न्हाई बघा काका."

त्याला वाटी मिळाली. समभाग पाण्यासकट. त्यानं डोळे मिटून ती रिकामी केली आणि हळूच खाली ठेवली.

"कसं लागलं?" सरांनी कानाशी जाऊन विचारलं.

"कोमट," शेषेराव म्हणाला.

आता सर खोकले. आधी हळू, मग छाती धरून. दत्तोपंतांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "तुम्हाला नाही चालायचं राघवेंद्रराव. तुमची पित्ताची प्रकृती. आसव उष्ण असतं. विशाखा, जावयांना जिऱ्याचं पाणी दे गं."

विशाखा आतून जिऱ्याचं पाणी घेऊन आली. सर ते उभ्यानं प्याले.

"थोडं मला द्या बाबा," त्यांनी वेगळ्या वाटेनं जाऊन पाहिलं. "प्यायला न्हाई. लॅबमध्ये तपासतो जरा."

"औषधाची परीक्षा छातीत होते, लॅबमध्ये नाही," दत्तोपंत म्हणाले आणि बाटली स्टुलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवली.

तेवढ्यात समोरचे मलप्पा आले. एस.टी.तून रिटायर झालेले, मूळचे निलंग्याचे. नीलाबाईंनी घरी जाता जाता गल्लीत बातमी पेरली होती, की मास्तरकाकांकडं काहीतरी औषध आहे, घेतल्याबरोबर गुडघ्याचं दुखणं पळालं. मलप्पांना खोकला नव्हता, गुडघाही ठीक होता, पण जावई बरा वागत नव्हता.

"जीवाला बरं वाटंना," ते म्हणाले.

"बसा," दत्तोपंत म्हणाले.

मलप्पांच्या मागोमाग दोघं पालक आले. ते पोरांच्या ॲडमिशनची चौकशी करायला आले होते. त्यांनी बाटली पाहिली आणि त्यांच्या मनात जे यायचं ते आलं.

"सर, ह्ये बुद्धीला बी चालतं का?" एकानं हळूच विचारलं. "म्हंजी तुमच्या क्लासची पोरं मेरिटला येतेत ती..."

"पोरांना अजिबात नाही," सर इतक्या जोरात म्हणाले की दत्तोपंतसुद्धा दचकले.

"बरोबर आहे. लहानांना उष्ण पडतं," दत्तोपंतांनी दुजोरा दिला. "पण तुम्ही घ्या. पोरांपेक्षा आईबापच जास्त सुकलेत." आणि मग, ज्यांच्या नावानं उमरीची शाळा अजून चळाचळा कापते ते दत्तोपंत त्या दोघांना म्हणाले, "घरी पोराला मार्क विचारू नका. जेवलास का, ते विचारा." त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की एका पालकानं उपरण्यानं डोळे पुसले. शेजारच्या घरातून नीलाबाईंचं भजन ऐकू येत होतं. भरदुपारी, टाळांसकट.

गल्लीतले आणखी लोक येत राहिले आणि बाटली खाली खाली जात होती. प्रत्येक चमच्याबरोबर सरांचा चेहराही. चव तरी कळावी म्हणून त्यांनी एकेकाला दारापर्यंत सोडताना विचारलं. मलप्पा म्हणाले, "ब्येस." पालक म्हणाले, "गुणकारी वाटतंय." नीलाबाईंना जाऊन विचारलं तर त्या टाळ थांबवून म्हणाल्या, "ग्वाड हाय बगा," आणि पुन्हा भजनाला लागल्या. शेवटी सरांनी दत्तोपंतांनाच विचारलं, "बाबा, चवीला कसं आहे पण?"

"औषधाला चव नसते," दत्तोपंत म्हणाले. "गुण असतो."

आणि बुडाशी उरलेलं, गाळासकट, त्यांनी नीलाबाईंच्या सासूसाठी स्टीलच्या डब्यात ओतून पाठवून दिलं. मग खुर्चीत मान टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

दोघं मित्र मागच्या पायरीवर येऊन बसले. शेषेरावानं शेंगांची पिशवी मधोमध ठेवली, पण कुणी हात घातला नाही.

"एवढी वर्षं ठेवली," सर म्हणाले. "सगळ्या गल्लीनं पिली. मी सोडून."

"मी बी कुठं पिलो? मी तर पाणी पिलो."

"आता आपल्याला कधीच कळणार न्हाई, चढली होती का उतरली."

"उतरलीच असंल," शेषेराव म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. भांडायला समोर बाटलीच उरली नव्हती.

विशाखा चहा घेऊन आली. कप देऊन झाले तरी ती तिथंच उभी राहिली.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. "एकदासुद्धा खोकले नाहीत."

"विशाखा," सरांनी सुरुवात केली. "ते जे आसव होतं ना..."

"आसव नव्हतं ते. माहितीय मला."

शेषेरावाचा कप ओठाशीच थांबला.

"तुला माहिती होतं? आणि तरी तू बाबांना..."

"मी भाजी घेऊन आले तेव्हा पहिला डोस पोटात गेला होता. खुर्चीत शांत बसले होते, श्वास नीट लागला होता. आता त्यांना काय सांगू? बाबा, तुमचं व्रत मोडलं?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आणि त्यांच्या आसवात तरी काय असतं हो? द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं, आणि महिनाभर झाकून आंबवायचं. पुढं त्याचं काय होतं ते तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिता."

सर खरंच दरवर्षी लिहायचे, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही यायचा.

"मी मात्र एक घोट घेऊन बघितला," विशाखा म्हणाली. "आंबट तर झालं नाही ना, म्हणून. बिनपाण्याचा."

दोघांनी एकदम तिच्याकडं पाहिलं. "कसं लागलं?"

विशाखानं डोळे बारीक केले. "आधी मनुका. मग खजूर, पण शिजवलेला. मग गुऱ्हाळात कढईच्या कडेला चिकटून राहतं ना, करपायच्या जरा आधीचं, तसं काहीतरी. कडू असं काहीच उरलं नाही. आणि गेल्या साली तो ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला होता, तो वाढला नाही. मुरला. जुन्या फडताळासारखा झाला, चांगला. औंदा चढतीच होती."

सरांच्या तोंडावर जिंकल्याचं हसू यायला लागलं, आणि मध्येच अडकलं.

"गेल्या साली?" ते म्हणाले.

"पण सगळ्यात चांगलं म्हणाल तर चौथ्या सालचं. त्याला तोड नव्हती."

"तुला चौथ्या सालचं कसं काय..."

"दरवर्षी तुम्ही दोघं तळघरातून येता, पेले मोरीत ठेवता आणि आडवे होता," विशाखा म्हणाली. "तळाशी दोन-दोन घोट तसेच. ते पेले धुतं कोण?"

शेषेरावानं शेंगांची पिशवी उचलून मांडीवर घेतली, पायरीवर एका बाजूला सरकला आणि मधली जागा हातानं झटकली.

"वहिनी, बसा हितं," तो म्हणाला. "पहिल्या सालापासनं सांगा. ह्यो मला नीट आठवूच देत न्हाई."