एक ठोका म्हणजे थांब

"या खेपेला नापास झालात, तर ट्रक विकायचा," चहाचा कप पुढे सरकवत सुनंदाबाई म्हणाल्या.

"आणि पास झालो तर?"

"तर ठेवा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बोळिंजमधली शहाणी माणसं पेपर वाचतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. दिनानाथांनी ट्रक घेतला. मालक आपण आणि ड्रायव्हरही आपणच, असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. लायसन्स मात्र अजून मोटारीचंच होतं. ट्रकच्या परीक्षेत ते दोनदा आपटले होते आणि दोन्ही वेळा चूक परीक्षकाची होती, असं त्यांचं मत होतं.

शिकवणारा ऑगस्टीन हाडाचा ड्रायव्हर. पुढे जाणं दिनानाथांना जमलं, पण रिव्हर्स घेताना ते आरशात बघत आणि मिशी नीट करत. शेवटी ऑगस्टीननं हात टेकले.

"काका, आरसा सोडून द्या. मी मागे पत्रा बडवतो. ठक ठक ठक चालू आहे तोवर येऊ द्या. एकच मोठा ठोका पडला की असाल तिथे ब्रेक. क्लीनर असतो कशाला?"

कळंबच्या रस्त्यावर महिनाभर हेच चाललं. दिनानाथ डोळे मिटूनही रिव्हर्स घेऊ लागले, आणि याची त्यांना लाज वाटायची सोडून अभिमान वाटू लागला.

परीक्षेच्या मैदानात एकीकडे रिव्हर्स घेण्यासाठी खुंट्या रोवल्या होत्या, दुसरीकडे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव उभा राहत होता. परीक्षक साहेबांनी आपलं टेबल चिंचेच्या सावलीत, नेमकं खुंट्यांच्या रांगेमागे मांडलं होतं. सकाळीच फेबियन नावाच्या उमेदवाराची एक खुंटी पडली.

"साहेब, वाऱ्यानं पडली ती."

"मी वारा बघत नाही, खुंटी बघतो. नियम म्हणजे नियम. नापास."

त्यानंतर साहेबांनी माणसं धडाधड नापास केली. हे सगळं होळी गावचे बागायतदार पांडुरंगभाऊ कडेला उभे राहून बघत होते. केळी वाहायला त्यांना ट्रक विकत हवा होता, आणि सुनंदाबाईंनी त्यांना मुद्दाम सोबत आणलं होतं.

दिनानाथांचा नंबर आला. साहेबांनी ऑगस्टीनला हाकललं. "मागे कोणी उभं राहायचं नाही. घ्या रिव्हर्स."

मागे ऑगस्टीन नाही म्हणजे कान नाहीत, आणि डोळे तर दिनानाथांनी कधी वापरलेच नव्हते. तेवढ्यात आवाज आला. ठक ठक ठक. मांडववाले खिळे ठोकत होते. पोरानं लपूनछपून का होईना, गुरुधर्म पाळला, असं वाटून दिनानाथांचा ऊर भरून आला. त्यांनी गाडी मागे सोडली.

ट्रक खुंट्यांमधून सरळ आला, एकीलाही न शिवता. खुंट्या संपल्या. लोक ओरडू लागले. पण ठक ठक चालूच होतं, म्हणून दिनानाथही येतच राहिले. मग धाडकन एकच मोठा ठोका ऐकू आला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि खाली उडी मारली.

"बघितलंत साहेब? एका ठोक्यात थांबवली."

टेबलाच्या फळ्या झाल्या होत्या. साहेब चिंचेच्या बुंध्याला मिठी मारून उभे होते, आणि चहा त्यांच्या पँटवर होता.

"नापास. जन्मभर नापास."

"कशात साहेब?" फेबियन पुढे आला. "एक पण खुंटी पडलेली नाय. सकाळी तुम्हीच बोललात, नियम म्हणजे नियम."

सकाळपासूनचे सगळे नापास त्याच्यामागे गोळा झाले. साहेबांनी खुंट्यांकडे पाहिलं, जमावाकडे पाहिलं. टेबल काही नियमात बसत नव्हतं. त्यांनी दात-ओठ खात दिनानाथांना पास केलं.

आता घरी जायचं, तर तोवर पुढे मांडव आडवा आला होता. गाडी चिंचेला वळसा घालून रिव्हर्समध्येच काढायला हवी. पण पास झालेल्या ड्रायव्हरच्या मागे उभं राहायला कोणी तयार होईना. ऑगस्टीनला अचानक कामं आठवली होती.

"सुनंदा, मागे जाऊन जरा पत्रा बडव," केबिनमधून दिनानाथ ऐटीत म्हणाले.

सुनंदाबाईंनी शब्द दिला होता. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या मागे गेल्या आणि पत्र्यावर दगडानं एकच सणसणीत ठोका हाणला. मग पांडुरंगभाऊंना त्यांनी हातानंच बोलावलं आणि ट्रकभोवती फिरवून टायर दाखवू लागल्या.

दिनानाथ ब्रेकवर पाय दाबून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसले, अगदी शिकवल्याप्रमाणे.